पूर्वेला तोंड

आमच्या प्रयोगशाळेतली कॉइल धुळ्यात, हायवेलगतच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानात तयार झाली. विहिरींवरच्या जळक्या मोटारींच्या रांगेत ती बरेच दिवस पडून होती. मी चौकशीला गेले की दुकानदार विचारायचा, "मॅडम, ही पाणी कितपत उपसेल?" मी सांगायचे, पाणी नाही उपसायचं, चुंबक व्हायचंय हिला. तो "बरं" म्हणायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायचा. मध्ये लोखंडाचा गाभा, भोवती तांब्याच्या तारेचे वेढे, आणि वजन असं की जिन्यावरून चढवताना कॉलेजच्या पायरीचा टवका उडाला. चालू केली की घूंऽऽ करत तापायची. मी तिला म्हैस म्हणायचे. आणि माझी पीएच.डी. म्हणजे थोडक्यात काय, तर या म्हशीवाचून चालतं हे दाखवणं.

सांगते. घाबरू नका, मीही मराठी शाळेतलीच आहे.

आमची चिप नखाएवढी. तिच्यावर प्लॅटिनमचा थर, इतका पातळ की डोक्याचा केस त्याच्यापुढे वडाचा बुंधा वाटावा. त्या थरावर कोबाल्टचा एक ठिपका. हा ठिपका म्हणजे नॅनोचुंबक. त्याचं उत्तर टोक वर असलं तर एक, खाली असलं तर शून्य, आणि वीज गेली तरी हा पठ्ठ्या आपली बाजू सोडत नाही. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे मला त्याचा हा गुण भारी आवडायचा. आता त्याला पलटवायचं कसं? तर खालच्या प्लॅटिनममधून वीज सोडायची. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःची एक फिरकी असते, तिला स्पिन म्हणतात. प्लॅटिनमसारख्या जड धातूत ही फिरकी आणि इलेक्ट्रॉनची चाल एकमेकींत गुंतलेली असते. त्यामुळे वाऱ्यावर धान्य उफणताना दाणे अलीकडे आणि भुसा पलीकडे पडावा, तसे एका फिरकीचे इलेक्ट्रॉन थराच्या वरच्या अंगाला येतात आणि उलट्या फिरकीचे खालच्या. वरचे जाऊन कोबाल्टला धक्का मारतात. चुंबक आडवा होतो. इथपर्यंत सगळं झकास. पण आडवं पडल्यावर पुन्हा वर तोंड करायचं की खाली, हे त्याला कळत नाही. कोणीतरी बाजूने इशारा द्यावा लागतो. तो इशारा म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र, आणि ते द्यायची आमची म्हैस.

पण मोबाइलच्या पोटात म्हैस बांधता येत नाही ना! म्हणून जगभरचे लोक तिला घालवायच्या मागे लागलेत. आमच्या सरांची, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांची, युक्ती अशी, की कोबाल्टचा थर एका बाजूला किंचित जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ ठेवायचा, उतरत्या बांधासारखा. दोन्ही बाजू सारख्या नसल्या की चुंबकाला आपोआप कळेल. कळेल, असं आम्ही म्हणत होतो. चुंबक काही मनावर घेत नव्हता. म्हैस चालू केली की पलटायचा, बंद केली की ढिम्म. माझी मुदत दिवाळीनंतर संपत होती. समिती येऊन बघणार, आणि दाखवायला काही नसलं तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. वर सर त्याच वर्षी निवृत्त होणार. मग मला कोण विचारतंय?

खंडेनवमीला आमच्या विभागात यंत्रांची पूजा होते. शेतकरी नांगर पुजतो, आम्ही ऑसिलोस्कोप. त्या दिवशी माझे वडील, नाना, भडगावहून आले. आमचं शेत गिरणेकाठी. नानांनी पिशवीभर झेंडू आणला होता आणि वरच्या खिशात, रुमालात गुंडाळलेली, आमची देवी. बोटभर पितळी मुखवटा, मागे चपटा गोल लोहचुंबक. ती कायम नानांच्या ट्रॅक्टरवर, स्टिअरिंगसमोर चिकटलेली असायची. मी लहानपणापासून तिला धूळ आणि डिझेलच्या वासासकट ओळखते. नानांचे गुडघे क्लच दाबायला ऐकेनात, म्हणून त्या पावसाळ्यात त्यांनी ट्रॅक्टर विकला. देवी तेवढी काढून घेतली.

"मना ट्रॅक्टरले हिनी इतला वरीस सांभाळं," नाना सरांना म्हणाले. "ट्रॅक्टर गया, आते हिले जागा नही. तुमना यंत्रले सांभाळी ती."

सर काय नाही म्हणणार? "नाना, तुम्हाला वाटेल तिथे बसवा." नानांनी खोलीभर नजर फिरवली. "तोंड उगवतीकडे पाह्यजे," म्हणाले. चिप ठेवायच्या बैठकीच्या पश्चिमेला एक लोखंडी खांब आहे, अगदी खेटून. नानांनी देवी त्यावर लावली. टक् वाजलं. आमच्या विभागाचे परिचर, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, त्यांनी लगेच आरतीला सूर लावला, घंटा वाजली, कापूर पेटला, मी साखरफुटाणे वाटत सुटले. जन्मभर चुंबकांशी झटणारी माणसं तिथे उभी होती, आणि ते टक् एकाच्याही कानात शिरलं नाही. देव म्हटलं की आपण नमस्कार करतो, त्याच्या मागे काय लावलंय ते बघायला जात नाही.

पूजा झालेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले, झेंडूच्या माळा अलगद बाजूला केल्या, आणि सवयीप्रमाणे म्हैस बंद ठेवून पहिली फेरी लावली. ठिपक्याचं तोंड वर की खाली ते दाखवणारी पडद्यावरची रेघ सरळ जाणार, हे मला पाठ होतं. मी चहा ओतत होते.

रेघ उडाली.

खालची रेघ वर! मी कप टेबलावर ठेवला की टेबलाबाहेर, मला आठवत नाही. वीज उलट्या दिशेने सोडली. रेघ खाली. पुन्हा सुलट. वर! म्हशीचं बटण बंद, दिवा बंद, घूं नाही की घां नाही, आणि माझा कोबाल्टचा ठिपका सांगितलं तसं कोलांट्या मारतोय! मी अशी किंचाळले की भाऊ झाडू घेऊनच धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला. मागून सर. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, स्वतःच्या हाताने फेरी लावली, आणि खुर्चीत बसून नुसते "अरे वा, अरे वा" करत राहिले. इतकी वर्षं ओळखते, पण सरांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला तर उड्या मारू की रडू, काही सुचेना.

नानांना फोन लावला. "नाना, पलटला!"

"कोन पलटना? कोनले लागनं का?"

"अहो चुंबक पलटला, चुंबक! म्हशीशिवाय!"

"मंग हाई चांगलं शे का वाईट?"

"चांगलं! लई लई चांगलं!"

"मंग देवीले नारळ फोडजो," नाना म्हणाले. मी खरंच फोडला. खोबरं सगळ्या विभागाला वाटलं, रसायनवाल्यांनासुद्धा.

चार दिवस मी जमिनीवर नव्हते. कॉलेजातून घरी जाताना रिक्षावाल्याला स्पिन समजावून सांगितला. तो बिचारा "हो ताई, हो ताई" करत राहिला. समितीसमोर कसं उभं राहायचं, कुठली साडी नेसायची, सगळं मनात ठरलं. सर एवढंच म्हणाले, "अगं, तो सपाट नमुनाही एकदा लावून बघ. तो पलटला नाही, की आपला उतार खरा." सपाट नमुना म्हणजे ज्याचा थर दोन्हीकडे सारखा जाड, उतार नाहीच. तो पलटायचं कारणच नव्हतं. मी गुणगुणत तो लावला.

तोही पलटला.

उतार नसलेलाही पलटत असेल, तर उताराने केलं तरी काय? इशारा दुसरंच कोणीतरी देत होतं. आम्ही शोधायला लागलो. मोबाइल बाहेर ठेवले, किल्ल्या बाहेर, लोखंडी स्टूल बाहेर. भाऊंनी पट्टा काढला आणि पँट एका हाताने धरून उभे राहिले. तरी ठिपका आपला पलटतोय. शेवटी सरांनी चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र आणलं, पेनासारखं त्याचं टोक हातात धरून ते खोलीभर फिरले. दाराशी काही नाही. खिडकीशी काही नाही. म्हशीशीही विशेष नाही, ती बंदच होती. बैठकीकडे आले तसा आकडा चढायला लागला, खांबाकडे नेला तसा चढतच गेला, आणि सरांचा हात देवीच्या नाकासमोर येऊन थांबला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पूर्वेला तोंड करून देवी आमच्याकडे बघत होती. तिच्या मागच्या चुंबकाचा जोरही त्याच दिशेने, आणि चिपमधली आमची वीज वाहायची तीही पूर्व-पश्चिमच. इशारा द्यायला हवी तीच नेमकी दिशा. नानांनी तिला दक्षिणेला तोंड करून लावलं असतं, तर हे काहीच झालं नसतं.

"तुमच्या घरची देवी आहे, मॅडम, तुम्हीच काढा," भाऊ मागे सरकले. पण सर पुढे झाले. "माफ कर, आई," म्हणत त्यांनी तिला काढलं आणि चिपच्या पूर्वेला तसाच दुसरा खांब आहे त्यावर, पश्चिमेला तोंड करून लावलं. मी फेरी लावली. चुंबक पलटला, पण बरोब्बर उलटा: आधी जी वीज त्याला वर न्यायची, ती आता खाली. मग सरांनी तिला खोलीबाहेर नेऊन भाऊंच्या हातात दिलं. मी पुन्हा फेरी लावली. रेघ मेल्यासारखी सरळ. सर हसायला लागले, खुर्चीला धरून हसायला लागले. मला मात्र एवढं रडू आलं की विचारू नका.

माझं डोकं लवकर तापतं, हे घरच्यांना ठाऊक आहे. त्याच तिरमिरीत नानांना फोन केला. "तुमच्या देवीने माझी सगळी मेहनत मातीत घातली, नाना! कोणी सांगितलं होतं आणायला?" नाना एवढंच म्हणाले, "सकाळले येस मी."

आणि आले, पहिल्या एसटीने. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या. मी चिडूनच सगळं समजावलं, हातवारे करून. सर बशीत चहा ओतत ऐकत होते. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती व्हती, तवय तुनं चुंबक पलटत व्हतं ना?"

"हो."

"आते ती नही, ते पलटत नही?"

"नाही पलटत!"

"मंग बिघाडं कोनी?"

सरांना चहाचा ठसका लागला. नानांना आपल्या देवीवरचा आळ झटकायचा होता, दुसरं काही नाही. पण माझ्या डोक्यात भलतंच चक्र फिरायला लागलं. म्हैस वीज खाते, तापते, खोली अडवते. देवीमागचा तो चपटा तुकडा वीज खात नव्हता, तापत नव्हता, गुपचूप चिकटून होता आणि इशारा पुरेपूर देत होता. मग तो बाहेर कशाला हवा? तसाच, पण चिपच्या मापाचा केला तर? ठिपक्याच्या दोन्ही अंगांना कडक चुंबकाच्या दोन बारीक पट्ट्या, ठिपक्यासारख्याच डोळ्यांना न दिसणाऱ्या, चिपवरच बसवलेल्या!

मी फळ्याकडे धावले. आधी पुसलंसुद्धा नाही, जुन्या गणितावरच काढायला लागले. प्लॅटिनम, वर ठिपका, बाजूला पट्टी, या बाजूलाही पट्टी. सर बशी ठेवून उठले. "अंतर जास्त झालं," म्हणाले आणि पट्ट्या जवळ सरकवल्या. अशा वाटेने जगात इतरही लोक चाललेत, हे पुढे वाचताना कळलंच. पण त्या सकाळी आम्हा दोघांना वाटत होतं, हे आत्ता इथेच जन्माला आलंय. तासभर आम्ही खडूने एकमेकांचे हात पांढरे केले. मागे वळून बघितलं तर नाना नव्हते. भाऊ म्हणाले, "गेले. देवी मागून घेतली माझ्याकडून. देव्हाऱ्यात जागा नाही, पण कुठेतरी बसवतो म्हणाले."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, त्या दिवशी ते वाईट फार वेळ टिकलं नाही. डोक्यात नुसत्या पट्ट्याच पट्ट्या होत्या.

समितीपुढे सरांनी आणि मी घडलं तसं सांगितलं, देवीसकट. एक सदस्य इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. मग गंभीर होऊन त्यांनी मुदत वाढवून दिली आणि बजावलं, ही शेवटची. नवी चिप इथे होण्यासारखी नव्हती. सरांचा एक जुना विद्यार्थी मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत आहे, त्याने करून दिली. ती आली तेव्हा उन्हाळा तापला होता, खिडकीची कडी धरवत नव्हती. सर तोवर निवृत्त झाले होते, पण रोज स्कूटरवरून यायचे. हजेरीचं बंधन नाही म्हणून उलट लवकर यायचे.

चाचणीच्या सकाळी आम्ही म्हशीची वायर उपटली आणि ढकलत ढकलत तिला व्हरांड्यात नेऊन ठेवलं. लोखंडी म्हणून जे जे काढता येईल ते काढलं. सरांनी क्षेत्र मोजायचं यंत्र कोपऱ्याकोपऱ्यात फिरवलं. तेवढ्यात भाऊ आत आले.

"मॅडम, तुमचे नाना फाटकाशी उभे आहेत. आत या म्हटलं तर येत नाहीत."

मी खिडकीतून बघितलं. फाटकाजवळच्या निंबाखाली नाना उभे होते, पिशवी छातीशी धरून. पिशवीत काय असणार, ते मला इथूनच कळलं. आज चाचणी आहे, हे मीच फोनवर बोलून गेले होते. मला खाली जावंसं वाटलं, पण सरांनी वीज सुरू करायला हात उचलला होता.

रेघ उडाली. वर. वीज उलटी, रेघ खाली. पुन्हा वर! मी ओरडले नाही. ओठ घट्ट मिटून आधी त्याच चिपवरचा बिनपट्ट्यांचा ठिपका लावला. मागच्या वेळी त्या सपाट नमुन्याने असाच माझा घात केला होता. वीज सोडली. रेघ सरळ. उलटी सोडली. सरळ! मेल्यासारखी, सुंदर, सपाट, सरळ रेघ! आयुष्यात कुठल्या रेघेवर मी इतकं प्रेम केलं नसेल. दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा बघितलं. पट्ट्यांचे सगळे पलटले, बिनपट्ट्यांचा एकही नाही. मग सर म्हणाले, "जा, आता ओरड," आणि मी जिना उतरत सुटले. एक चप्पल टवका उडालेल्या पायरीवरच राहिली.

"नाना! पलटला! पलटला, नाना!"

नानांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. ते हसले, आणि लगेच हसू आवरून त्यांनी पिशवी अंगाशी ओढली. "खरंखरी? का मी आठे उभा शे म्हनीसन?"

"नाही हो, नाना!"

"तसं नको. मी आजून लांब जास, पार रोडना पलीकडे. तू परत दख."

आणि खरंच चालायला लागले. दुखऱ्या गुडघ्यांनी, भर उन्हात. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. एवढ्या लांबून काही होत नाही, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

ओढतच वर आणलं त्यांना. व्हरांड्यापर्यंत आले आणि प्रयोगशाळेच्या दाराकडे बघून थबकले. पुढे पाऊल टाकेनात. पिशवी मागे, पाठीशी धरली. शेजारी म्हैस उभी होती, थंडगार, वायर गुंडाळून ठेवलेली.

"हाई आठे कसाले काढी ठेवी?" नानांनी विचारलं.

"तिचं काम संपलं, नाना," सर दारातून म्हणाले. "रिटायर झाली. माझ्यासारखी."

नाना म्हशीकडे बघत राहिले. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, रुमाल सोडला आणि देवी त्यांच्या तळहातावर ठेवली. "लावा," म्हटलं.

त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याने लोखंडी गाभ्यावरची धूळ पुसली. सूर्याकडे बघून उगवती कुठली ते ठरवलं. मग देवी लावली. टक् वाजलं, आणि या वेळी ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.